पेशीची कळ आणि मनुष्याचे आयुष्य

घरातील विजेचा दिवा कळ दाबताच लागतो आणि पुन्हा दाबताच विझतो. पण ती कळच अडकून बसली तर? दिवा रात्रंदिवस जळत राहील. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीतही अशा अनेक कळा आहेत. ‘प्रोटीन कायनेज’ नावाची विकरे एटीपी या ऊर्जाद्रव्यातील फॉस्फेटचा अंश घेऊन तो दुसऱ्या प्रथिनास जोडतात. त्यासरशी ते प्रथिन कार्यास लागते, अथवा थांबते. हा अंश काढून घेणारी विकरे निराळी असतात. एडमंड फिशर व एडविन क्रेब्ज यांनी अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे १९५५ साली स्नायूंतील एका विकरावर ही क्रिया प्रथम दाखविली. १९९२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पेशीने केव्हा वाढावे, केव्हा विभागावे आणि आयुष्य सरल्यावर केव्हा मुकाट्याने नाहीसे व्हावे, याच्या आज्ञा याच मार्गाने जातात. ‘एबल’ हे असेच एक कायनेज. एरवी ते आज्ञेप्रमाणे चालते नि थांबते. परंतु अस्थिमज्जेतील एखाद्या पेशीत ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलले जातात, तेव्हा एबल दुसऱ्या एका प्रथिनाशी जोडले जाते आणि त्याची कळ कायमची अडकते. मग पेशी विभागतच राहते. मरणाची आज्ञाही तिला ऐकू येत नाही. पांढऱ्या पेशींचा हा दीर्घकालीन कर्करोग होय. त्यातील आखूड गुणसूत्र १९६० साली फिलाडेल्फिया येथे आढळले. ही अदलाबदल जॅनेट राउली यांनी १९७३ साली ओळखली.

रोगाचे मूळ सापडले, म्हणून उपायही सुचला. ‘इमॅटिनिब’ हे औषध कायनेजात एटीपीची जी जागा असते, तीच अडवून बसते आणि अडकलेली कळ निकामी करते. २००१ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. पूर्वी ज्यांचे आयुष्य थोड्या वर्षांचे समजले जाई, असे पुष्कळ रुग्ण आज रोज गोळी घेऊन संसार व नोकरी सांभाळीत आहेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली या औषधाच्या एका रूपाचे पेटंट नाकारले. त्यामुळे भारतीय कारखान्यांची स्वस्त गोळी रुग्णांस मिळत राहिली.

हा रोग संसर्गाने होत नाही. तो जन्मानंतर एका पेशीत घडलेल्या बदलातून उद्भवतो. म्हणून रुग्णाच्या ताटावाटीस भिण्याचे अथवा त्याच्या कुळास दोष देण्याचे कारण नाही. मात्र एक गोष्ट अवश्य ध्यानी ठेवावी. बरे वाटू लागले की गोळी सोडून देण्याचा मोह होतो. गोळीने कळ रोखलेली असते. ती दुरुस्त झालेली नसते. काहींना पुढे औषध थांबविता येते, पण ते वर्षानुवर्षांच्या तपासण्यांनंतर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आपल्या घरी वा शेजारी असा कोणी रुग्ण असेल, तर त्याच्या रोजच्या गोळीची प्रेमाने आठवण करून द्या. एवढीशी आठवणही एखाद्याचे आयुष्य राखते.