‘हाडे गोठवणारा हिवाळा’ नेमका कोठून येतो?

सप्टेंबर सरत आला की उत्तर भारताच्या हिवाळ्याची भाकिते वर्तमानपत्रांतून आणि वाहिन्यांवरून सुरू होतात. प्रशांत महासागराचे पाणी थंडावते आहे, ला निना स्थिती निर्माण होते आहे, सबब यंदा हाडे गोठवणारी थंडी. या अनुमानाची पहिली दोन विधाने बहुधा बरोबर असतात. तिसरे विधान त्यांतून निघत नाही, आणि शीर्षक मात्र त्याचेच होते.

२०२४चा शरद आठवून पाहा. जागतिक हवामान संघटनेने सप्टेंबरमध्ये सांगितले होते की, वर्षअखेरीपर्यंत ला निना निर्माण होण्याची शक्यता ६० टक्के आहे. म्हणजे न होण्याची ४० टक्के, हे कोणी छापले नाही. ‘कडाक्याचा हिवाळा’ मात्र ठळक अक्षरांत छापून आला. प्रत्यक्षात काय घडले? ऑक्टोबर २०२४ हा १९०१पासूनचा देशातील सर्वांत उष्ण ऑक्टोबर ठरला. सरासरी तापमान २५.६९ अंश अपेक्षित असताना ते २६.९२ अंश नोंदले गेले. ला निना स्थिती जाहीर व्हायला जानेवारी २०२५ उजाडला, तीही दुर्बळ. त्याच जानेवारीचे सरासरी तापमान १९०१पासूनच्या जानेवारींत तिसऱ्या क्रमांकावर होते. पाठोपाठचा फेब्रुवारी तर सव्वाशे वर्षांतील सर्वांत उष्ण. त्या शीर्षकांची दुरुस्ती कोठे वाचल्याचे मला स्मरत नाही.

गंमत अशी की, हवामान विभाग त्या वेळी वेगळेच सांगत होता. नोव्हेंबरच्या प्रारंभी विभागाचे महासंचालक मृत्युंजय महापात्र यांनी उष्ण ऑक्टोबरचे कारण स्पष्ट केले होते: पश्चिमी विक्षोभ आलेच नाहीत आणि बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे पूर्वेकडील वारे वाहत राहिले. नोव्हेंबरही उबदार जाईल, असेही ते म्हणाले होते. या निवेदनात प्रशांत महासागरापेक्षा भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या हवेला अधिक महत्त्व होते. वाचकांच्या लक्षात राहिला तो प्रशांत महासागरच.

वायव्य भारताच्या नोव्हेंबरचा खरा सूत्रधार हे विक्षोभ आहेत. उंचावरील पश्चिमी वाऱ्यांच्या झोतात सापडलेल्या या प्रणाली भूमध्य आणि कॅस्पियन समुद्रांच्या परिसरातून इराण-अफगाणिस्तान ओलांडून काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडावर येऊन आदळतात. पर्वतांवर बर्फ पडते, पंजाब-हरियाणात ढग येतात, क्वचित सरी. ढग असताना दिवस थंड आणि रात्री उबदार असतात. प्रणाली पुढे सरकली, आकाश निवळले आणि बर्फाळ उतारांवरून वायव्येचे कोरडे वारे उतरले, की रात्रीचा पारा घसरतो. ही घटना पाच-सात दिवस, फार तर दहा दिवस आधी चांगली सांगता येते. दोन महिने आधी नाही. ला निनाच्या वर्षांत उत्तरेकडील थंडीच्या लाटांना अनुकूलता असते, हे मान्य. पण अनुकूलता म्हणजे लाट नव्हे.

शिवाय ‘थंडी’ हा एकच पदार्थ नाही. विभागाच्या निकषांनुसार मैदानात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि डोंगरात शून्य किंवा त्याखाली गेल्यावरच थंडीच्या लाटेचा विचार होतो. त्यावर सरासरीपेक्षा ४.५ अंशांची घट हवी. ‘थंड दिवस’ ही आणखी निराळी गोष्ट. त्यात घसरते ते कमाल तापमान, आणि मैदानात त्याचे मुख्य कारण असते धुके. जमिनीलगतची हवा थंड, वरची उबदार, वारा पडलेला: अशा वेळी हरिद्वार धुक्यात बुडालेले असते आणि वरच्या मसुरीत लोक उन्हात बसलेले असतात. एकाच शीर्षकात या दोन्ही गावांचा हिवाळा कसा मावणार?

आता अंदाजाच्या नकाशाविषयी. मागील वर्षांच्या तापमानाचे तीन समान भाग केले जातात: सरासरीहून कमी, सरासरीइतके, सरासरीहून अधिक. काहीच माहिती नसेल तर प्रत्येकाची शक्यता ३३ टक्के. नकाशावर एखाद्या प्रदेशात ‘कमी’ या भागाला ४५ टक्के मिळाले, तर तो निळा रंगतो. उरलेले ५५ टक्के दिसत नाहीत. किती अंशांनी कमी, हेही तो रंग सांगत नाही. अर्धा अंश कमी असला तरी निळाच.

सामान्य माणसाला शक्यतांची भाषा कळत नाही, म्हणून सोपे करून सांगावे लागते, असा बचाव संपादक मंडळी करतात. हा बचाव मला उद्धट वाटतो. पेरणी करणारा प्रत्येक माणूस दरवर्षी शक्यतांवरच पैसे लावतो. पंजाब-हरियाणात गव्हाची वेळेवरची पेरणी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत होते. जमीन तापलेली असेल तर उगवण बिघडते. थांबावे तर उशिराचे पीक मार्चच्या उष्णतेत सापडते. मार्च २०२२ने दाणा कसा आकसवला आणि त्या मे महिन्याच्या १३ तारखेला गव्हाची निर्यात कशी थांबवावी लागली, हे फार जुने नाही. हिमाचलच्या सफरचंदाला सात अंशांखालील हजाराहून अधिक तास लागतात. दिल्लीत १८ नोव्हेंबर २०२४ रोजी हवेचा निर्देशांक ४९४वर गेला, तेव्हा प्रश्न थंडी किती हा नव्हता. वारा केव्हा सुटेल, हा होता. या लोकांना ‘हाडे गोठवणारी’ या विशेषणाचा काय उपयोग?

विभागही पूर्ण निर्दोष नाही. मान्सूनच्या अंदाजाचा हिशेब सप्टेंबरअखेर साऱ्या देशासमोर मांडला जातो. हिवाळ्याच्या अंदाजाला तेवढा उजेड लाभत नाही. नव्या नकाशाशेजारी गेल्या वर्षीचा नकाशा आणि गेल्या वर्षी प्रत्यक्ष नोंदलेले तापमान, असे तिन्ही एकाच पानावर आले, तर पत्रकारालाही अतिशयोक्ती करताना हात आखडता घ्यावा लागेल.

तोवर विद्यार्थ्यांनी हे काम स्वतः करावे. विभागाच्या पुण्यातील कार्यालयाने दैनंदिन तापमानाची १९५१पासूनची जाळीबद्ध माहिती विनामूल्य उपलब्ध करून दिलेली आहे. अमृतसर, शिमला आणि लखनौ घ्या. ला निनाची वर्षे वेगळी काढा. नोव्हेंबर ते जानेवारीचे किमान आणि कमाल तापमान निरनिराळे मांडा. आलेख येथेच प्रतिसादात टाका. माझे म्हणणे चुकीचे निघाले, तर ही टिपण तशीच ठेवून तिच्याखाली दुरुस्ती लिहीन.