इंजिनिअर व्हायचंय, पण वर्दीतला!

मुलांनो, परवा शाळा सुटताना माझा एक जुना विद्यार्थी दारात उभा. चौथीत माझ्या वर्गात होता, आता सांगलीत बारावी सायन्सला आहे. म्हणाला, "बाई, घरात रोज वाद चाललाय. बाबा म्हणतात, वालचंदला इंजिनिअरिंग कर. आजोबा फौजेतले. ते म्हणतात, लष्करात जा. मला तर दोन्ही हवंय!"

दोन्ही मिळतं, बरं का! बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घेतलेल्या अविवाहित मुलग्यांसाठी लष्कराची 'टेक्निकल एंट्री' आहे. या तीन विषयांत मिळून ६० टक्के हवेत आणि जेईई मेन दिलेली हवी. मग एसएसबीची पाच दिवसांची मुलाखत आणि कडक वैद्यकीय तपासणी. निवड झाली की पुण्याजवळ दापोडीचं सीएमई, नाहीतर महू किंवा सिकंदराबादचं लष्करी कॉलेज. नौदलाची अशीच वाट केरळात एळिमलाच्या अकादमीत जाते. शिक्षणाचा खर्च सरकारचा.

दुसरी वाट खडकवासल्याच्या एनडीएची. तिथे नौदल आणि हवाई दलाच्या कॅडेटना बीटेकचा अभ्यासक्रम असतो. मुलींनो, २०२२ पासून एनडीएचं दार तुम्हालाही उघडलंय. मे २०२५ मध्ये पहिल्या १७ जणी तिथून बाहेर पडल्या.

एक घोटाळा मात्र करू नका. दिघीचं आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे सैनिकांच्या मुलांसाठीचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथे फी भरावी लागते आणि नुसतं तिथून पास झाल्यानं कोणी अधिकारी होत नाही.

सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, "खरं सांग. फी वाचेल म्हणून निघालायस का?"

तो गप्प. मग हळूच म्हणाला, "बाबांना झेपणार नाही, बाई."

मी त्याला अपशिंग्याची आठवण करून दिली. आपल्या सातारा जिल्ह्यातलं हे गाव. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले. म्हणून तर त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. वर्दीत फी नसते, पण देणं असतं. बदल्या, घरापासून लांब राहणं, वेळ आली तर जिवावरचा प्रसंग. हे मनापासून हवं असेल तर जरूर जा. फक्त पैशांची अडचण असेल, तर शिष्यवृत्ती आहे, बँकेचं शैक्षणिक कर्ज आहे. आणि साध्या कॉलेजात इंजिनिअर झाल्यावरही लष्कराच्या तांत्रिक शाखेसाठी अर्ज करता येतो. दार एकदाच उघडतं असं नाही.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. "बाई, बाबांशी बोललो. फीचं ते बघतो म्हणाले. तरी मी एसएसबी देणार. आता मलाच जायचंय."

पालकांनो, मुलं घरचा खर्च मनातल्या मनात मोजत असतात. फॉर्म भरण्याआधी एकदा त्यांच्याजवळ बसून विचाराल ना?