नावाची अंगठी : धातू कोणता घ्यावा?

मागच्या आठवड्यात आर्वी तालुक्यातल्या एका गावी हरभऱ्याची शेतीशाळा आटोपली. चहा येईपर्यंत आम्ही सर्वजण बांधावरच टेकलो होतो. घाटेअळी आणि कामगंध सापळे बोलून झाले, तेव्हा एका वहिनींनी हळूच विचारले, "साहेब, पोराचं साक्षगंध हाय. नाव कोरलेली आंगठी करायची हाय, पन कोनत्या धातूची करावं? याच्या बापाच्या आंगठीवरचं नाव तं पुरं पुसून गेलं."

त्यांच्या यजमानांनी हात पुढे केला. बावीस कॅरटची अंगठी, नावाची जागा गुळगुळीत झालेली. मुलगा शेजारीच होता. त्याने मोबाईलवर टंगस्टनची काळी अंगठी काढून दाखवली. "काका, याले ओरखडा पडतच नाही. अन् सोन्यापेक्षा किती स्वस्त!"

प्रश्न पिकाचा नव्हता, पण हाताचा होता, आणि शेतकऱ्याचा हात हा माझ्या खात्याचाच विषय आहे असे मी मानतो. त्यातून लग्नसराई तोंडावर आली आहे. अनेक घरांत हीच चर्चा चालू असेल.

नाव का पुसते ते आधी पाहू. मोह्स नावाच्या जर्मन खनिजतज्ज्ञाने १८१२ साली कठीणपणाची एक मोजपट्टी बसवली. तिच्यात आपले नख अडीचच्या आसपास येते, सोने आणि चांदी अडीच ते तीन, तांबे तीन, काच साडेपाच, गारगोटी सात आणि हिरा दहा. आता शेतातल्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतातच. डवऱ्याची रुमणी किंवा कुदळीचा दांडा धरला की ती धूळ दांडा आणि अंगठी यांच्या मधे सापडते आणि पॉलिश पेपरसारखे काम करते. दिवसभर, वर्षानुवर्षे. सोन्याने त्यापुढे काय टिकाव धरावा?

यावर उपाय म्हणजे सोन्यात दुसरा धातू मिसळणे. निव्वळ चोवीस कॅरटची अंगठी हाताने वाकते. बावीस कॅरटमध्ये हजारात ९१६ भाग सोने असते, अठरा कॅरटमध्ये ७५०. बाकी तांबे आणि चांदी. अठरा कॅरट बावीसपेक्षा बरेच कठीण असते व कोरलेली रेघ त्यात अधिक दिवस राहते. आपल्याकडे अठरा म्हटले की घरातली वडीलमंडळी नाक मुरडतात, कारण मोडीला पैसे कमी येतात. तेही खरे आहे. पण अंगठी मोडण्यासाठी घ्यायची की घालण्यासाठी, हे आधी ठरवावे. चांदीचेही तसेच. शुद्ध चांदी फार मऊ. हजारात ९२५ भाग चांदी आणि उरलेले तांबे अशी घेतली तर ती शुद्ध चांदीच्या दुपटीहून अधिक कठीण होते. संत्र्याच्या बागेत गंधक फवारणाऱ्याची चांदी काळी पडते हे खरे. पण कोरलेल्या अक्षरांत तो काळेपणा बसला तर नाव उलट ठसठशीत दिसते. काही कारागीर तर मुद्दाम काळे भरून देतात.

जर्मन सिल्व्हरच्या नावाला भुलू नये. त्यात चांदीचा कणही नसतो. तांबे, निकेल आणि जस्त असते. निकेलने पुष्कळांच्या बोटाला खाज सुटते. तांब्याची अंगठी स्वस्त आणि कोरायला सोपी, पण घामाने बोट हिरवे होते.

आता मुलाची टंगस्टन. ही अंगठी खरे तर टंगस्टन कार्बाइडची असते आणि कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल, नवाच्या आसपास येते. धूळ तिचे काही वाकडे करू शकत नाही. पण आपण विळ्याला पाणी देतो तेव्हा काय होते ते आठवा. पाणी जास्त चढले तर धार कडक होते आणि पहिल्याच दगडावर विळ्याचा तुकडा उडतो. हिचेही तसेच, फरशीवर आपटली तर तडकू शकते. सोनाराच्या टाकीने ती कोरता येत नाही, यंत्राच्या किरणांनी वरवर नाव उमटवतात. आणि बोट जाड झाले तर ती वाढवता येत नाही. टिटॅनियम ठिसूळ नाही, हलके आहे, अंगाला खाजवत नाही. हाड जोडायला डॉक्टर हाच धातू वापरतात. परंतु वाढवायला तोही अवघड.

माझी खरी हरकत मात्र वेगळीच आहे. सहा वर्षांपूर्वी बागेत फिरताना मला गांधीलमाशीने बोटावर डंख मारला. तासाभरात बोट वांग्यासारखे झाले आणि लग्नातली अंगठी मांसात रुतली. साबण लावला, दोरा गुंडाळला, काही उपयोग नाही. शेवटी सोनाराने बारीक करवतीने दोन मिनिटांत ती कापली. सोने मऊ म्हणून बोट लवकर सुटले. तेथे स्टील किंवा टिटॅनियम असते तर साधी करवत पुरली नसती. टंगस्टन तर कापत नाही, पकडीने दाबून फोडावी लागते, आणि हे माहीत असलेला माणूस रात्री-बेरात्री गावात मिळेलच असे नाही. साप हाताला चावला तर सूज येण्याआधी अंगठी काढायची, हा प्रथमोपचाराचाच भाग आहे. वर करकचून बांधायचे नाही, जखम कापायची नाही, हात हलू न देता सरळ दवाखाना गाठायचा.

ट्रॉलीवरून उडी मारताना फाळक्याच्या कडीत अंगठी अडकली तर सगळे वजन त्या एका बोटावर येते आणि कातडी सोलून निघते. पातळ सोन्याची अंगठी अशा वेळी कधी कधी वाकून उघडते. कठीण धातूची उघडत नाही. मळणीयंत्र, कडबा कुट्टी आणि फवारणी या तीन कामांना कोणतीच अंगठी नको. फवाऱ्याचे औषध अंगठीखाली साचून कातडी भाजते ते वेगळेच.

मग नाव टिकायचे कसे? वर्धा नदीपलीकडे रिद्धपूरला वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा ताम्रपट सापडला. जमिनीचे दानपत्र, पाचव्या शतकातले. नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी १९६३ साली वाकाटकांचे लेख एकत्र छापले, त्यात तोही आहे. तांबे काही फार कठीण नव्हे, तरी अक्षरे पंधराशे वर्षांनी वाचता आली. कारण ती खोल कोरली होती आणि त्यांच्यावर कोणी डवरा घासला नाही. म्हणून मी वहिनींना सांगितले, नाव अंगठीच्या आतल्या बाजूला कोरून घ्या. तेथे दांडा घासत नाही. टाकीने खोल कोरा म्हणावे, अक्षरे दोनच असली तरी चालतील. अरुंद पट्टीवर जोडाक्षरे भरून जातात. आणि मागचा थोडा भाग कोरा ठेवा, म्हणजे पुढे अंगठी कापून वाढवता येते. माझ्या अंगठीवर नाव सगळीकडून कोरलेले होते. करवत नेमकी सौभाग्यवतींच्या नावातल्या कान्यावरून गेली. घरी बरेच दिवस ऐकावे लागले.

सोन्यावर हॉलमार्क पाहा. १६ जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अंक-अक्षरांचा क्रमांकही लागतो. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला ही सक्ती नाही, तेव्हा हलकी अंगठी घेताना पावतीवर कॅरट लिहून घ्यावे. बोटाचे माप संध्याकाळी, काम करून आल्यावर, पेरावरून द्यावे.

शेवटी घरात असे ठरले की अठरा कॅरटची, वरून साधी, आत दोघांची आद्याक्षरे. मुलगा थोडा हिरमुसला. वडिलांनी आपली गुळगुळीत झालेली अंगठी काढून आतून पाहिली, आणि तेथे सोनाराचा शिक्का अजून जसाच्या तसा होता.

पुढच्या आठवड्यात संत्र्यावरच्या डिंक्याविषयी लिहीन. दोन पत्रे आली आहेत.