मॅचचे दिवस

गाइल्स शील्ड आणि हॅरिस शील्ड हे शालेय क्रिकेटचे सामने लागले, की मुंबईतल्या कितीतरी घरांत पहाटे पाचलाच गॅस पेटतो. लोकलची गर्दी, त्यात खांद्यावर ते अवजड किट! मैत्रिणी विचारतात, डब्यात द्यावं तरी काय? तळलेलं नको. तूप-गूळ लावून पोळीची गुंडाळी, दोन केळी आणि मीठ-साखर घातलेलं लिंबाचं सरबत भरपूर. पांढऱ्या पँटवरची लाल माती ओली असताना चोळू नये, आत मुरते. वाळू द्या, ब्रशनं झटका, मग साबण लावून गार पाण्यात भिजवा.

पण भिजवायचं कुणी? बहुतेक घरांत आईनं, नाहीतर धाकट्या बहिणीनं. तिची चाचणी परीक्षा त्याच आठवड्यात आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं! दिवसभर उन्हात फील्डिंग करणाऱ्याला स्वतःचे मोजे धुता येतात हो. सांगाच त्याला. मात्र तो शून्यावर आउट होऊन आला, तर जेवण होईपर्यंत मॅचचा विषय काढू नका. त्याच्या बाबांनाही आधीच बजावून ठेवा. आणि रविवारी बाबांनी मैदानाऐवजी लेकीच्या गाण्याच्या क्लासला जावं.