धडक देणाऱ्यानेच पंचनामा लिहायचा तेव्हा

चौकात हिरवा दिवा लागतो, दुचाकीस्वार निघतो आणि डावीकडून तांबडा दिवा ओलांडत आलेली पोलिसांची जीप त्याला उडवते. सायरन वाजत होता की नव्हता, जीप कोणत्या कामावर निघाली होती, वेग किती होता, यांवर पुढे कैक वर्षे वाद चालणार असतो. अपघात झाला की पोलिसांना बोलवावे हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. येथे पोलिस आधीच आलेले असतात. काही वेळाने जागेचा पंचनामा होतो आणि तो लिहिणारी लेखणी ज्या खात्याची, त्याच खात्याची ती जीप असते.

अशा अपघातग्रस्ताच्या वाट्याला येणारे सरकार एकच नसते. ते वाहनाचे मालक असते, गुन्ह्याचे तपास अधिकारी असते, विमा कंपनीच्या जागी बसलेले देणेकरी असते आणि शेवटी, भरपाई मंजूर झाल्यास, ती वसूल करून देणारे अधिकारीही तेच असते. नोकराच्या निष्काळजीपणाची जबाबदारी सरकारवर येते का, हा जुना प्रश्न न्यायालयांनी बऱ्याच अंशी नागरिकाच्या बाजूने सोडवला आहे. या चार भूमिका एकमेकींपासून वेगळ्या करण्याचे काम मात्र संसदेचे होते. त्याकडे तिने फारसे लक्ष दिलेले नाही.

त्या जुन्या प्रश्नाचा इतिहास रस्त्यावरच सुरू होतो. कलकत्त्याजवळच्या खिदिरपूर येथील सरकारी गोदीतले कामगार लोखंडाचा अवजड भाग घेऊन सार्वजनिक रस्ता ओलांडत होते. त्यांनी तो खाली टाकला, आवाजाने पी. अँड ओ. कंपनीच्या गाडीचा घोडा बुजला आणि जखमी झाला. दावा अवघा साडेतीनशे रुपयांचा होता. 1861 साली सर बार्न्स पीकॉक यांनी सरकारला जबाबदार धरले, पण निकालात एक भेद आखून ठेवला: जे काम खासगी व्यक्तीही करू शकते त्यात सरकार उत्तरदायी, सार्वभौम सत्तेच्या कामात नाही. कंपनी सरकार 1858 मध्येच संपले होते, तरी तिच्या जबाबदारीचे माप पुढच्या प्रत्येक राज्यघटनात्मक कायद्याने उचलले आणि आज ते आपल्या संविधानाच्या अनुच्छेद 300 मध्ये आहे. ज्या ब्रिटनकडून हा वारसा आला, त्याने स्वतःच्या राजसत्तेचे हे कवच 1947 मध्ये कायदा करून उतरवले. त्याच वर्षी ब्रिटन येथून गेला आणि कवच मात्र येथेच राहिले.

स्वतंत्र भारतातील पहिला मोठा निकाल जीपचाच होता. 1952 साली उदयपूरमध्ये जिल्हाधिकाऱ्यांच्या वापरातील सरकारी जीप दुरुस्तीनंतर कार्यशाळेतून परत आणताना चालकाने पदपथावरून चालणाऱ्या माणसाला धडक दिली. तो मरण पावला. राजस्थान सरकारने सार्वभौमत्वाचा आधार घेतला. सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये विद्यावती खटल्यात तो नाकारला आणि विधवेला मिळालेली पंधरा हजारांची भरपाई कायम केली. कल्याणकारी राज्य असंख्य कामे करते, तेव्हा त्याच्या नोकरांच्या चुकांची जबाबदारी त्याने इतर कोणत्याही मालकाप्रमाणे घ्यावी, असा त्या निकालाचा रोख होता.

दोनच वर्षांत पाऊल मागे पडले. मेरठमध्ये पोलिसांनी एका सराफाचे सोने जप्त केले होते, ते हेड कॉन्स्टेबलने लांबवले आणि तो पाकिस्तानात पळाला. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या पीठाने 1964 साली कस्तुरीलाल खटल्यात ठरवले की अटक आणि जप्ती ही सार्वभौम कामे आहेत, सबब भरपाई नाही. गजेंद्रगडकरांना हा निष्कर्ष समाधानकारक वाटत नव्हता, हे निकालातच दिसते. संसदेने कायदा करावा असे त्यांनी स्पष्ट सुचवले. विधी आयोगाने तर आपल्या पहिल्याच अहवालात, 1956 मध्ये, तशी शिफारस केली होती. 1965 मध्ये विधेयक आले, 1967 मध्ये पुन्हा आले आणि बारगळले.

कायदा झाला नाही, म्हणून उच्च न्यायालयांना गाडीत काय भरले होते ते पाहत बसावे लागले. लष्करी ट्रक जवानांचे जेवण नेत होता, तेव्हा पंजाबात ते सार्वभौम कार्य ठरले. दुसरा ट्रक सिमल्याच्या मुख्यालयाला कोळसा नेत होता, तेव्हा ठरले नाही. हवाई दलाची गाडी खेळाडूंच्या संघासाठी निघाली होती, म्हणून दिल्लीत सरकार जबाबदार धरले गेले. मद्रासमध्ये दहा वर्षांच्या मुलाला चिरडणारी लॉरी नौदलाच्या जहाजासाठी वायू वाहत होती. दावा फेटाळला गेला आणि न्यायालयाला सरकारकडे माणुसकीच्या नात्याने काही रक्कम देण्याची शिफारस करावी लागली. जखमेचे मोल जखमेवरून न ठरता गाडीतल्या मालावरून ठरावे, असा हा विचित्र काळ होता. 1984 मध्ये पुष्पा ठाकूर खटल्यातील संक्षिप्त आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने लष्करी ट्रकच्या निष्काळजी चालनाला हे कवच नाही असे सांगितले. 1994 च्या नागेंद्र राव निकालाने सार्वभौम आणि असार्वभौम हा भेदच बराच निकामी केला. निवडणुकीच्या कामासाठी ताब्यात घेतलेल्या खासगी वाहनाच्या अपघाताची जबाबदारीही सरकारवर येते, हे दीपा देवी खटल्यात स्पष्ट झाले. थोडक्यात, आज गस्तीच्या गाडीने कोणाला जायबंदी केले तर ‘आम्ही कर्तव्यावर होतो’ हे भरपाईच्या दाव्याला उत्तर होऊ शकत नाही.

मग अडते कोठे? पहिली अडचण विम्याची आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 नुसार त्रयस्थाचा विमा सक्तीचा आहे. विम्याविना दुचाकी चालवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी दोन हजारांचा दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच कलमाचे दुसरे पोटकलम सांगते की केंद्र वा राज्य सरकारच्या मालकीच्या आणि व्यापारी उपक्रमाशी संबंध नसलेल्या वाहनाला ही सक्ती लागू नाही. तिसरे पोटकलम याहून बोलके आहे. राज्य परिवहन महामंडळाला वा स्थानिक प्राधिकरणाला विम्यातून सूट द्यायची, तर त्यांनी अपघातग्रस्तांच्या देण्यांसाठी निधी उभारून तो राखला पाहिजे, ही अट त्यात आहे. म्हणजे एसटीच्या बसमागे निधी हवा. पोलिसांच्या जीपमागे विमाही नको आणि निधीही नको. सरकारची तिजोरी बुडत नाही, असे या सवलतीचे समर्थन केले जाते. ते खरे आहे, पण अपघातग्रस्ताची अडचण सरकारच्या दिवाळखोरीची कधीच नव्हती, ती विलंबाची होती. विमा कंपनीकडे दावे हाताळणारा अधिकारी असतो, तडजोडीचे अधिकार असतात, उत्तर देण्याची मुदत असते. गृह खात्यात फाइल असते. केरळसारखे राज्य आपल्या विमा खात्यामार्फत सरकारी गाड्यांचा विमा उतरवते. इतरांना तसे करण्यास कायदा आडवा येत नाही, भागही पाडत नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे आणि माझ्या मते सर्वांत गंभीर. 2019 च्या दुरुस्तीने आणि 2022 मध्ये लागू झालेल्या नियमांनी भरपाईची सारी प्रक्रिया पोलिसांच्या कागदांवर उभी केली. अपघाताचा पहिला अहवाल अठ्ठेचाळीस तासांत दावा न्यायाधिकरणाकडे, सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत. आणि हा अहवालच दाव्याचा अर्ज मानता येतो. सामान्य अपघातात ही सुधारणा उत्तम आहे, कारण त्यामुळे गरीब कुटुंबाला वकिलाच्या दारात प्रथम जावे लागत नाही. धडक देणारी गाडी पोलिसांची असेल, तेव्हा मात्र प्रतिवादीच वादीचा अर्ज लिहितो. दुचाकीस्वाराने हेल्मेट घातले नव्हते, तो चुकीच्या मार्गिकेत होता, सायरन ऐकूनही थांबला नाही, असे एखादे वाक्य अहवालात आले की सहनिष्काळजीपणा म्हणून भरपाईचा वाटा कापला जाऊ शकतो. ते वाक्य खोटे असेलच असे नाही. खरे की खोटे हे ठरवणारा कोणी तटस्थ माणूस मात्र तेथे नसतो.

खरे काय घडले हे सांगणारा पुरावाही पोलिसांच्याच कपाटात असतो. गाडीचे लॉगबुक, नियंत्रण कक्षाला आलेल्या आणि तेथून गाडीला गेलेल्या संदेशांची नोंद, गाडीच्या जीपीएसने टिपलेला वेग, चौकातील कॅमेऱ्याचे चित्रीकरण: यांपैकी कॅमेऱ्याचे चित्रीकरण थोड्या दिवसांत पुसले जाते. माहिती अधिकारात ते मागावे तर तपासात अडथळा येईल या कारणाने नकार देण्याची सोय कायद्यात आहे. न्यायाधिकरणाला हे कागद मागवता येतात, पण ते पुसले जाण्यापूर्वी कोणीतरी अर्ज केला पाहिजे, आणि त्या दिवसांत जखमीचे नातेवाईक रुग्णालयाच्या पायऱ्यांवर असतात. पोलिस वाहनाच्या प्रत्येक गंभीर अपघाताचा तपास दुसऱ्या जिल्ह्याच्या किंवा गुन्हे अन्वेषण विभागाच्या अधिकाऱ्याकडे आपोआप जावा आणि वरील नोंदी चोवीस तासांत मोहोरबंद कराव्यात, एवढ्यासाठी संसदेचीही गरज नाही. पोलिस महासंचालकांचे एक परिपत्रक पुरे.

सायरनचा प्रश्न येथेच येतो. रुग्णवाहिकेला वा अग्निशामक बंबाला वाट न देणाऱ्याला 2019 पासून दहा हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, आणि ते योग्यच आहे. त्याची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. 2017 च्या वाहनचालन विनियमांनी तातडीच्या वाहनाला तांबडा दिवा ओलांडण्याची मुभा दिली, ती जीव वाचवण्यासारख्या निकडीपुरती, वेग कमी करून आणि इतरांची काळजी घेऊन. सायरन वाट मागतो. वाट मिळालीच आहे असे त्याने गृहीत धरायचे नसते. त्याच वर्षी 1 मेपासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले, पण ताफ्यापुढे धावणाऱ्या पोलिस गाडीचा सायरन उतरला नाही. ताफ्याची घाई ही निकड मानायची का, याचे उत्तर विनियमाच्या शब्दांत शोधले तर नकारार्थीच येते.

चालक शिपायाला येथे खलनायक करणे सोपे आहे. कॉमन कॉज आणि सीएसडीएस यांच्या 2019 च्या पाहणीत पोलिस दिवसाला सरासरी चौदा तास काम करतात असे आढळले होते. तातडीच्या क्रमांकावर आलेल्या दूरध्वनीला गाडी किती मिनिटांत पोहोचली, हे खाते अभिमानाने मोजते. पोहोचताना वाटेत काय झाले, हे देशपातळीवर वेगळे मोजले जात नाही. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालानुसार 2022 मध्ये 1,68,491 माणसे रस्त्यावर मेली. त्या अहवालात दुचाकी, मोटार, ट्रक, बस असे रकाने आहेत. पोलिस वाहनाचा स्वतंत्र रकाना नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिसांशी संबंधित रस्ते अपघातांतील मृत्यूंची गणना स्वतंत्र यंत्रणा दरवर्षी प्रसिद्ध करते. आपल्याकडे संख्याच नसल्याने गृह खात्याला विधिमंडळात त्याबद्दल कोणी विचारतही नाही.

फौजदारी बाजू थोडक्यात. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खटल्यासाठी सरकारी मंजुरी हवी, असा मुद्दा निघतो. मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेने मंजुरीचा निर्णय 120 दिवसांत न झाल्यास ती दिली असे मानले जाईल, अशी तरतूद केली आहे. तिचा उपयोग कसा होतो ते दिसायचे आहे.

सारे पार पडून भरपाई मंजूर झाली आणि खात्याने ती दिली नाही, तर कलम 174 नुसार न्यायाधिकरण वसुलीचे प्रमाणपत्र देते. ते जाते जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे ती रक्कम वसूल करणे हे त्यांचे कर्तव्य ठरते. थकबाकीदार त्यांचेच सरकार असते. कित्येकदा पोलिस अधीक्षकांचे कार्यालय त्यांच्याच आवारात, समोरच्या इमारतीत असते. 2019 नंतर न्यायाधिकरणाला दिवाणी न्यायालयाप्रमाणे स्वतःही अंमलबजावणी करता येते. तसा अर्ज झाला की बेलीफ जप्तीसाठी कार्यालयात येतो, आणि सरकारी कार्यालयात चटकन जप्त करता येण्याजोगी मौल्यवान वस्तू बहुधा एकच सापडते: दारात उभी असलेली गाडी.