कोकण घटले, ठाणे वाढले: मोजणीत आपण कुठे?

२००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली; रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर या जिल्ह्यांची मात्र घटली. ठाणे ३६ टक्क्यांनी वाढले. कोकणातला तरुण रोजगारासाठी बाहेर पडला. मुंबईतला कष्टकरी गिरण्या बंद पडल्यावर, घरे महागल्यावर उपनगरांपलीकडे ढकलला गेला.

हा केवळ आकड्यांचा खेळ नाही. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत अनुसूचित जातींच्या राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. जनगणनेत माणूस राहतो तिथेच मोजला जातो. २०२७ च्या जनगणनेत जातही नोंदवली जाणार आहे.

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला एकच सांगावेसे वाटते: भाड्याच्या खोलीतले, झोपडपट्टीतले एकही कुटुंब मोजणीतून सुटू नये. प्रत्येक विहारातील तरुणांनी ही जबाबदारी आत्ताच वाटून घ्यावी. जयभीम!