मंदार गेला तेव्हाच बोलायला हवं होतं

परवा फोंड्याच्या बाजारात चहा प्यायला बसलो होतो. भाजी-पाव समोर आला नाही तोच बाजूच्या टेबलावर वाद पेटला. विषय नेहमीचाच, एफसी गोवा. एकाचं म्हणणं, ऑफिसातल्या लोकांना फुटबॉल कळत नाही, दरवर्षी अर्धा संघ बदलतात. दुसरा म्हणाला, "अरे, पैसे टाकून चांगले फॉरेनर आणा, बाकी सगळं आपोआप होतं." तिसरा सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता, "आमचे भुरगे खेळवा, हरलो तरी चालेल!"

मी गप्प राहिलो. वयामुळे हल्ली भांडण पचत नाही. पण घरी येऊन झोप लागेना, म्हणून लिहितोय. माझं भांडण तिघांशीही आहे. आणि त्याहून जास्त तुमच्या-माझ्याशी, म्हणजे फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडण्यातल्या मराठी बोलणाऱ्या माणसांशी.

आधी जुनी गोष्ट. मी लहान असताना आमच्या वाड्यावर फुटबॉल म्हणजे 'साष्टीचा खेळ'. आपली माणसं नाटकाची तालीम करणार, भजनाला बसणार, फार तर क्रिकेट खेळणार. माझा धाकटा काका तेवढा वेगळा. १९९० साली मडगावला संतोष ट्रॉफीची फायनल होती, गोवा विरुद्ध केरळ. काका मला बसमध्ये कोंबून बोरीच्या पुलावरून घेऊन गेला. आजी मागून ओरडत होती, "पोराला कुठे नेतोस पाद्र्यांच्या खेळाला!" गोवा जिंकला. परत येताना बसमध्ये उभं राहायला जागा नव्हती आणि बसमधले लोक कुठल्या धर्माचे हे कोणी विचारत नव्हतं.

काका मला बोटांवर मोजून दाखवायचा. ब्रह्मानंद शंखवाळकर, गोलकीपर, भारताचा कप्तान, पुढे १९९७ साली अर्जुन पुरस्कार. नंतर महेश गवळी आणि समीर नाईक, दोघेही डिफेन्समध्ये भिंतीसारखे. आडनावं वाचा. हा फक्त साष्टीचा खेळ कधीच नव्हता. आपणच तो परका मानला.

आता मुद्द्यावर येतो. संघ कसा बांधायचा, याचं उत्तर शोधायला स्पेनला जायची गरज नाही. उत्तर आपल्या घरातच पडलंय. १९९९ साली साळगावकरने राष्ट्रीय लीग जिंकली, गोव्याचा पहिलाच क्लब. मग २००६-०७ ते २०१२-१३, सलग सात मोसम देशाची लीग गोव्याबाहेर गेली नाही. धेंपो, धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगालसारखे क्लब, पाठीशी लाखोंचा प्रेक्षकवर्ग. आणि आपण तेव्हा दोन जिल्ह्यांचं राज्य!

यातला धेंपो बघा. २००४-०५ पासून पाच वेळा चॅम्पियन, पाचही वेळा कोच एकच, अरमांडो कोलासो, गोव्याचाच माणूस. पुढे रँटी मार्टिन्स नायजेरियाचा, बेतो ब्राझीलचा. म्हणजे फॉरेनर होतेच, आणि उत्तम होते. पण पाठीचा कणा कोणाचा? गवळी, समीर, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा. बाहेरचा माणूस गोल करायला आणला आणि घर आपल्या माणसांनी सांभाळलं. म्हणून 'फक्त गोंयकार खेळवा' म्हणणाऱ्यालाही मी सांगतो, बाबा, ते तर धेंपोनेही केलं नव्हतं. आणि 'फक्त पैसे टाका' म्हणणाऱ्यालाही सांगतो, नुसत्या पैशाने काय होतं ते आपण २०२० मध्ये बघितलं.

आठवतंय ना २०१९-२०? आयएसएलमध्ये लीग टप्प्यात १८ सामन्यांत ४६ गोल, ३९ गुण, पहिला नंबर, शील्ड आपली. आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटात पोचणारा पहिला भारतीय क्लब आपला. खेळ असा, की फातोर्ड्याला तिकीट काढून आलेल्याचे पैसे पहिल्या अर्ध्या तासात वसूल. हे सगळं सर्जियो लोबेराने उभं केलं, हे मान्य. कोरोला आणणाऱ्याच्या हाताला फुलं वाहा, तेही मान्य.

पण लीगचे तीन सामने बाकी असताना लोबेराला काढलं. आणि मोसम संपल्यावर काय झालं? लोबेरा मुंबईला. बुमूस मुंबईला. जाहू मुंबईला. मुर्तदा फॉल मुंबईला. आणि मंदार राव देसाईसुद्धा मुंबईला. पहिल्या मोसमापासून, २०१४ पासून, या क्लबात असलेला आपला गोव्याचा मंदार!

पुढचं तर जास्त लागलं. महामारीमुळे तो पूर्ण मोसम गोव्यातच झाला, रिकाम्या स्टँडसमोर. सेमीफायनलला मुंबईने टायब्रेकरवर आपल्यालाच हरवलं आणि फातोर्ड्यावर कप उचलला. आपल्या घरात, आपली माणसं, दुसऱ्याची जर्सी. मी टीव्ही बंद केला आणि जेवलो नाही. बायको म्हणाली, "सूतक लागल्यासारखे बसलात."

मंदारला मी दोष देत नाही. खेळाडूचं आयुष्य दहा-बारा वर्षांचं, त्याने आपला संसार बघावा. दोष त्या रचनेत आहे. कोचच्या हातात सगळा संघ दिला, तर कोच जाताना संघ सोबत घेऊन जातो. घर भाड्याचं असलं की भाडेकरू सामान उचलणारच.

आणि त्या पडझडीत कोण धावून आलं, हे कोणी मोजलं? लोबेरा गेल्यावर उरलेले तीन सामने क्लिफर्ड मिरांडाने सांभाळले. तिन्ही जिंकले, चौदा गोल मारून. २०२१ च्या डिसेंबरमध्ये हुआन फेरांडो मोसमाच्या मध्यात मोहन बागानला निघून गेला, तेव्हा डेरिक परेरा उभा राहिला. दोघेही गोव्याचे. तो मोसम नवव्या नंबरावर संपला, हे मी लपवत नाही, पण मधेच सुकाणू हातात घेणाऱ्याला त्यावरून तोलायचं का? आणि क्लिफर्ड? २०२३ मध्ये त्याने ओडिशाला सुपर कप जिंकून दिला. ओडिशाला!

आपलं घर पेटलं की शेजारचा पोरगा बादली घेऊन यावा, आणि घर बांधायची वेळ आली की कंत्राट बाहेर जावं, हा कुठला न्याय?

कोणी म्हणेल, तुम्ही जुन्या आठवणीत रमलाय. जुन्या क्लबांमागे खाणमालकांचा पैसा होता, तो काळ गेला. खरं आहे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले, कारण वरच्या लोकांनी त्यांना दुय्यम ठरवायचं ठरवलं होतं. आजच्या लीगचा खर्च वेगळा आहे, तोही मला कळतो. मनोलो मार्केझने २०२५ मध्ये सुपर कप आणला तेव्हा मीही पेढे वाटले. बाहेरच्या कोचचा मला विटाळ नाही.

पण मग हेही बघा. २०२५ च्या ऑक्टोबरात सौदीचा अल-नासर फातोर्ड्यावर खेळून गेला. आपण १-२ हरलो. तो एक गोल कोणाचा? ब्रायसन फर्नांडिसचा. गोव्याचा भुरगा. एवढ्या महागड्या संघाविरुद्ध आपली लाज राखली ती घरच्याच पिकाने.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो, मग थांबतो. माझा भाचा साखळीजवळच्या गावचा. डावखुरा, वाऱ्यासारखा पळायचा. गावच्या टूर्नामेंटमध्ये त्याचं नाव घेतलं की लोक कामं टाकून यायचे. एका क्लबाच्या निवड चाचणीला मीच स्कूटरवर घेऊन गेलो. नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही. सत्तर-ऐंशी मुलं. याला दहा मिनिटं खेळवलं, तेही उजव्या बाजूला. कोणी विचारलं नाही, तुझा पाय कुठला, गाव कुठलं. परत येताना म्हणाला, "मामा, त्यांनी बॉल माझ्याकडे आला तेव्हा बघितलंच नाही. फोनवर बोलत होते." आज तो कुंडईला कारखान्यात शिफ्ट करतो. रविवारी कापणी झालेल्या शेतात खेळतो. मी बघायला जातो आणि गप्प बसतो.

त्याची निवड झालीच असती, असं मी म्हणत नाही. नीट बघून नाकारला असता, तर हा उल्लेखही केला नसता. पण न बघता नाकारणं म्हणजे बियाणं न पेरताच पीक आलं नाही म्हणणं.

म्हणून माझ्या तीन मागण्या. एक, कोच कुठलाही आणा, पण त्याच्या शेजारी एक गोव्याचा माणूस कायम बसवा, जो कोच बदलला तरी बदलणार नाही आणि खेळाडू ठेवायचा की सोडायचा यात ज्याचा शब्द चालेल. दोन, बाराही तालुक्यांत वर्षातून दोनदा मैदानावर जाऊन मुलं बघा. साखळीला १९९९ पासून फुटबॉल अकादमी आहे, म्हणजे डिचोलीत मुलं नाहीत असं कोणी सांगू नये. तीन, मोसम संपल्यावर जाहीर करा, गोव्याचे खेळाडू एकूण किती मिनिटं खेळले. जर्सीवर गोवा लिहिता, तेवढा हिशेब द्या.

आणि आता आपल्यासाठी. ऑफिसला शिव्या देणं सोपं आहे. पण तुमच्यापैकी कितीजण म्हापशाच्या दुलेर मैदानावर गोवा प्रोफेशनल लीगचा सामना बघायला गेलात? मी गेलोय, स्टँडवर माणसांपेक्षा खुर्च्या जास्त. आपल्या पोराला फुटबॉलचे बूट हवेत म्हटल्यावर किती जणांनी 'आधी दहावी कर' म्हटलं? मीही म्हटलंय. आपण मुलं पाठवणार नाही, मैदानावर जाणार नाही, आणि मग चहाच्या टेबलावर बसून विचारणार, संघात आपलं कोण आहे?

येत्या रविवारी भाच्याची मॅच आहे, दुपारी चारला. या, बघा. खुर्च्या नाहीत, बांधावर बसावं लागेल.